मंत्रालय आले नाही, अंतिम सामना आला: नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे एका ठाणेकराने केलेले परीक्षण

भाऊबिजेला ओवाळणी काय हवी, असे नेरूळला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला विचारले, तेव्हा तिने साडी मागितली नाही की पाकीट मागितले नाही. "दादा, घरातून चालत जाता येईल एवढ्यावर विश्वचषक आला आहे, तिकिटे काढ," एवढेच ती म्हणाली. 2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती आणि त्याच दिवशी दुपारी तीन वाजता डी. वाय. पाटील स्टेडियमवर एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकातला भारत आणि न्यूझीलंड यांच्या महिला संघांचा सामना होता. साखळी सामन्यांच्या तिकिटांचे दर शंभर रुपयांपासून सुरू होत असल्यामुळे ओवाळणी मला स्वस्तात पडली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दहा दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, त्याच मैदानावर आम्ही अंतिम सामनाही पाहिला. त्या वेळी मात्र ओवाळणीची भरपाई झाली.

या दोन भेटी आणि त्याआधी अधूनमधून घडलेल्या फेऱ्या यांवर हे परीक्षण आधारलेले आहे. ते केवळ खुर्च्यांचे आणि वडापावचे नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा राजधानीच्या शहरानेच भरवत राहाव्यात का, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी निघतो आणि त्यात बहुतेक वेळा प्रतिष्ठा, खर्च आणि भ्रष्टाचार यांचीच चर्चा होते. प्रेक्षक घरून निघतो कसा आणि परत पोहोचतो कसा, हा प्रश्न त्यात क्वचितच असतो. माझ्या मते निवाडा तेथूनच सुरू व्हायला हवा आणि तसा तो केला तर राजधानीची बाजू बरीच लंगडी पडते.

ठाण्याहून येणाऱ्यांसाठी प्रवासाची माहिती आधी देतो. ठाणे स्थानकाच्या नऊ किंवा दहा क्रमांकाच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची पनवेल किंवा नेरूळ लोकल घ्यावी. घाईत वाशी लोकलमध्ये चढणाऱ्यांना पुढे गाडी बदलावी लागते आणि सामन्याच्या दिवशी ही चूक करणारे दहा जण तरी डब्यात हमखास भेटतात. जुईनगर आणि नेरूळ ही दोन्ही स्थानके मैदानापासून चालण्याच्या अंतरावर आहेत. बहुतेक लोक नेरूळला उतरतात, त्यामुळे जाताना जुईनगर आणि येताना नेरूळ अशी वाटणी केल्यास गर्दीचा त्रास थोडा कमी होतो. सामना रविवारी असेल तर आदल्या दिवशीच मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून ठेवावे, हे मुंबईच्या परिसरात राहणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. मोटार आणू नये. शीव-पनवेल महामार्ग मैदानाला खेटून जातो, या सोयीमुळे अनेकांना मोटारीचा मोह होतो आणि सामना संपल्यावर तोच महामार्ग त्यांना तासभर एका जागी उभे करतो.

मैदानाविषयी बोलायचे तर हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे त्याचे छत. ते अशा रीतीने पेललेले आहे की प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा एकही खांब मध्ये उभा नाही. ज्यांनी जुन्या पद्धतीच्या मैदानांत खांबामागची जागा नशिबी आल्यामुळे मान वाकडी करून अर्धा सामना पाहिला आहे, त्यांनाच या गोष्टीचे मोल कळेल. न्यूझीलंडविरुद्ध स्मृती मानधना आणि प्रतिका रावल यांनी सलामीलाच 212 धावांची भागीदारी केली, तेव्हा आम्ही वरच्या सज्जात होतो. तेथून क्षेत्ररक्षणाची मांडणी पटावर सोंगट्या ठेवल्यासारखी दिसते आणि फलंदाज मोकळी जागा कशी हेरतात हे समजते. खालच्या सज्जात खेळाडू जवळून दिसतात, पण खेळ कमी कळतो. मी पैसे देऊन वरच बसेन. बहिणीचे मत याच्या नेमके उलट आहे, कारण तिला सीमारेषेवर उभ्या असलेल्या जेमिमा रॉड्रिग्जला हाक मारायची होती.

4 मार्च 2008 रोजी हे मैदान खुले झाले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना येथे झाला. 2010 चाही येथेच झाला. दुसऱ्या बाजूला, 11 नोव्हेंबर 2009 रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्याची तिकिटे खिशात घेऊन मी ठाण्यातच खिडकीशी बसून राहिलो होतो, कारण फयान चक्रीवादळाने त्या दिवशी एकही चेंडू पडू दिला नाही. पुढे पुरुषांचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट बहुतांशी वानखेडेवर राहिले आणि नेरूळचे मैदान इतर खेळ आणि इतर खेळाडू यांच्यासाठी उपयोगी पडत गेले. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने येथे झाले. 2022 च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाला 3-2 असे हरवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियावर 1-0 असा विजय मिळवला, तेही येथेच. महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना 4 मार्च 2023 रोजी, म्हणजे मैदान खुले झाल्याच्या पंधराव्या वाढदिवशी येथे झाला. डिसेंबर 2023 मध्ये भारतीय महिलांनी इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी हरवले, तेही याच खेळपट्टीवर. ही यादी मुद्दाम दिली, कारण मैदानाचे परीक्षण करताना ते वर्षातून किती दिवस आणि किती प्रकारे वापरले जाते हा निकष छतापेक्षाही महत्त्वाचा आहे, असे मी मानतो.

विश्वचषक नेरूळला आला तो मात्र कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. मूळ योजनेत यातले काही सामने बंगळूरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर होते. 4 जून 2025 रोजी आयपीएल विजयाच्या जल्लोषात त्या मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला आणि ऑगस्टमध्ये सामने हलवण्याचा निर्णय झाला. त्या दिवशीचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी विधान सौध या कर्नाटकच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर राज्य सरकारच्या वतीने सत्कार आणि मग जवळच असलेल्या मैदानात चाहत्यांसमोर समारंभ, असे दोन कार्यक्रम एकाच दुपारी, एकाच परिसरात ठेवले गेले होते. राजधानीत खेळाचा कार्यक्रम हा केवळ खेळाचा कार्यक्रम राहत नाही. सत्तेची पायरी हाकेच्या अंतरावर असते आणि विजयी संघ त्या पायरीवर उभा राहावा, असे प्रत्येक सरकारला वाटते. त्यात पक्षाचा भेद नाही. आपल्याकडेही 4 जुलै 2024 रोजी टी-ट्वेन्टी विश्वविजेत्यांची मिरवणूक मरीन ड्राइव्हवर निघाली, तेव्हा लाखोंच्या गर्दीत गुदमरून आणि पडून काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दिवशी त्याहून वाईट घडले नाही, याचे श्रेय मी नियोजनापेक्षा दैवाला अधिक देतो.

देशाच्या राजधानीचा अनुभव तर आपल्यासमोर आहेच. दिल्लीने 1951 मध्ये पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरवल्या, 1982 मध्ये पुन्हा भरवल्या आणि 2010 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा घेतल्या. 1982 ने दिल्लीला उड्डाणपूल दिले, देशाला रंगीत दूरदर्शन आणि अप्पू हत्ती दिला, हे माझ्या पिढीला चांगले आठवते. 2010 च्या निमित्ताने मेट्रोचे जाळे आणि विमानतळाचे नवे टर्मिनल वेळेत पुरे झाले, हेही मान्य करायला हवे. परंतु त्याच 2010 मध्ये स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि पुढच्या वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने आयोजनाची लक्तरे वेशीवर टांगली. सुमारे 960 कोटी रुपये खर्चून ज्या नेहरू स्टेडियमचे तेव्हा नूतनीकरण झाले, ते पाडून त्या जागी क्रीडानगरी उभारण्याचा मनोदय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितला. 1982 मध्ये बांधले, 2010 मध्ये नटवले आणि आता पाडायचे. ऋण काढून सण करणारा निदान सणाची भांडी तरी जपून ठेवतो.

राजधानीच्या बाजूने नेहमी असा युक्तिवाद केला जातो की स्पर्धेमुळे रस्ते, मेट्रो, विमानतळ मिळतात. मला हा युक्तिवादच उलटा वाटतो. नागरिकाला रस्ता मिळण्यासाठी परदेशी धावपटू यावा लागत असेल, तर दोष रस्त्याच्या नियोजनात आहे. शिवाय मुदत स्पर्धेची असल्यामुळे घाई होते, घाईत दर वाढतात आणि वाढलेल्या दरांची चौकशी पाहुणे गेल्यावर बसते. ब्राझीलने 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी राजधानी ब्राझिलियात प्रचंड खर्चाने मैदान उभारले, पण त्या शहरात ते भरवू शकेल असा मोठा फुटबॉल संघच नव्हता. पुढे काही काळ तेथे बसगाड्या उभ्या करण्यात आल्या. हंगेरीची राजधानी असलेल्या बुडापेस्टच्या नागरिकांनी 2017 मध्ये दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि शहराला ऑलिम्पिकची बोली मागे घ्यावी लागली. तेच शहर 2023 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा मात्र भरवू शकले. पॅरिसने 2024 मध्ये बहुतेक खेळ आधीपासून असलेल्या किंवा तात्पुरत्या जागांवर घेतले, म्हणून राजधानी असूनही ते निभावले. म्हणजे राजधानी हा शब्दच अशुभ आहे असे नाही. पण राजधानीला साधेपणाने काही करणे फार अवघड जाते.

नेरूळचे वेगळेपण येथे दिसते. मैदान खासगी आहे, त्यामुळे ते रिकामे राहिले तर भुर्दंड मालकाला पडतो आणि म्हणूनच ते रिकामे ठेवले जात नाही. रेल्वे स्थानके या शहराच्या रोजच्या जगण्यासाठी बांधली गेली होती. सामन्यासाठी एकही रूळ टाकावा लागला नाही. नवी मुंबईचा जन्मच मुंबईचा भार हलका करण्यासाठी झाला, हे आता विसरले जाते. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 1960 च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. त्या कल्पनेत राज्याचा कारभारही इकडे यावा असे होते. कांदा-बटाटा बाजार आला, मसाल्याचा आणि धान्याचा बाजार आला, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला, कोकण भवन बेलापूरला झाले. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिले. 2025 मध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना खाडी ओलांडून आला, तेव्हा त्या जुन्या योजनेतले आणखी एक काम पन्नास वर्षांनी, तेही योगायोगाने, पार पडले असे मला वाटले.

तक्रारी आहेत, आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. अंतिम सामन्याची तिकिटे एका संकेतस्थळावर उशिरा खुली झाली, रांगेतला क्रमांक पुढे सरकण्याऐवजी मागे जात राहिला, पैसे खात्यातून गेले, तिकीट मात्र आले नाही. परतावा मिळायला आठवडा लागला आणि आम्ही गेलो ते बहिणीच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने ऐनवेळी रद्द केलेल्या दोन जागांवर. बाहेर काळ्या बाजारात काय भाव चालू होते, ते ऐकूनच कान बंद केले. भारतातल्या बहुतेक मैदानांप्रमाणे पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि सुटी नाणी आत नेता येत नाहीत, म्हणून आतल्या विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागते. आम्ही ज्या विक्रेत्याकडे गेलो, त्याच्याकडे वडापाव होता, पण चटणी संपली होती, आणि किंमत चटणीसकट आकारली गेली. चटणीशिवाय वडापाव देणाऱ्याला ठाण्यात दुसऱ्या दिवशी दुकान उघडू देणार नाहीत.

बहिणीची तक्रार अधिक गंभीर आहे. ती प्रेक्षकाची नसून रहिवाशाची आहे. सामना असो वा जानेवारी 2025 मध्ये झालेल्या कोल्डप्लेच्या तीन रात्री असोत, रस्ते वळवले जातात, रिक्षावाले मीटर विसरतात आणि आजारी माणसाला रुग्णालयात न्यायचे असेल तर कोणत्या वाटेने जायचे हे कोणी सांगत नाही. "तुम्ही ठाण्याहून येता, टाळ्या वाजवता आणि जाता, सकाळी फाटकासमोर पडलेल्या बाटल्या आम्ही ओलांडतो," असे ती म्हणाली, आणि तिच्या घरी जेवत असताना मला त्यावर काही बोलता आले नाही. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाच्या बंदोबस्ताचा आणि सफाईचा खर्च किती आला आणि तो कोणी भरला, याचा हिशेब आसपासच्या सेक्टरांतल्या नोटीस बोर्डांवर लावला जावा, ही तिची मागणी मला रास्त वाटते. खासगी मैदानाचे कौतुक करताना सार्वजनिक तिजोरीतून जाणारा हा भाग झाकून ठेवता येणार नाही.

गर्दीची व्यवस्था हा विषय निघाला की मला पंढरपूर आठवते. ते कोणाचीच राजधानी नाही, तेथे मोठे मैदान नाही, तरी आषाढीला लाखो माणसे येतात आणि बहुतेक जण आपापल्या पायांनी परत जातात, कारण कोणत्या दिंडीने कोठे थांबायचे आणि कोणी कोणाच्या मागे चालायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. गर्दी सरावाने सांभाळली जाते. नेरूळच्या वाटेवर असा सराव हळूहळू होऊ लागला आहे, असे मला दोन्ही वेळा दिसले. पोलीस कोठे दोर धरतात, कोठे लोकांना थांबवून टप्प्याटप्प्याने स्थानकाकडे सोडतात, हे आता लोकांनाही ठाऊक झाले आहे आणि फारसे कोणी हुज्जत घालत नाही. एरवी शांत असलेल्या राजधानीवर दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या महास्पर्धेला हा सराव मिळणे शक्य नाही. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्यात आल्या आहेत. ते शहर गुजरातचीही राजधानी नाही, ही मला जमेची बाजू वाटते; पण तेथे जे नव्याने बांधले जाईल त्याचे 2031 मध्ये काय करायचे, हे आधी ठरले नाही तर दिल्लीचीच कथा वेगळ्या गावी घडेल.

अंतिम सामन्याच्या दिवशी पावसाने दोन तास खाल्ले. तीनला सुरू व्हायचा खेळ पाचला सुरू झाला. त्याआधी, 26 ऑक्टोबरला, बांगलादेशविरुद्धचा सामना पावसामुळे अर्धवट सोडावा लागला होता, त्यामुळे आमच्या भोवतालचे लोक आकाशाकडेच पाहत होते. पाऊस थांबल्यावर आच्छादने निघाली आणि मैदान खेळण्याजोगे झाले, त्या कामाला पूर्ण गुण देतो. शफाली वर्माने 87 धावा काढल्या, भारताने 298 पर्यंत मजल मारली आणि लॉरा वोल्वार्डचे शतक होऊनही दक्षिण आफ्रिका 246 वर थांबली. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि शेवटचा झेल हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन टिपला, तेव्हा मध्यरात्र झाली होती. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक आजी, ज्यांनी संपूर्ण सामनाभर नातीला पाय खाली घे म्हणून दटावले होते, त्या स्वतःच खुर्चीवर चढल्या.

ठाण्याला परतण्याचा विचार मी पावसाच्या वेळीच सोडून दिला होता आणि ज्यांचे नेरूळला नातेवाईक नाहीत, त्यांनी दिवस-रात्र सामन्याला जाताना परतीची गाडी आधी ठरवून मगच तिकीट काढावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. आम्ही चालत बहिणीच्या घरी पोहोचलो, तेव्हा रस्त्यावर ढोल वाजत होता आणि खिडक्यांतून लोक हात हलवत होते. सकाळी पनवेलहून येणारी ठाणे लोकल नेहमीसारखीच भरलेली होती. दारात उभ्या असलेल्या एका मुलीच्या गालावर तिरंग्याचा रंग तसाच होता, गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र होते आणि घणसोली येईपर्यंत ती उभ्या उभ्या झोपली होती.